माशीच्या मापाचं औषध

औषध कडू असलं तरी गिळायचं असतं, हे माणसाला लहानपणी आईने नाक दाबून शिकवलेलं असतं. मधमाशीला कोण शिकवणार? दादाने सगळे प्रकार करून पाहिले. साखरेच्या पाकात औषध कालवून ठेवलं, तर माश्या यायच्या, सोंड बुडवायच्या आणि झटक्यात मागे सरायच्या. मधात कालवलं, तर त्यांनी मधालाही वाळीत टाकलं. शेवटी दादाने तो कडू पाक पातळ करून पिचकारीने त्यांच्या अंगावरच उडवायला सुरुवात केली. अंग चिकट झालं की माश्या एकमेकींना चाटून साफ करतात, त्यात थोडंफार पोटात जातं. जायचंही. पण त्या इतक्या भडकायच्या की दादाचे कान आणि मनगटं सुजून टम्म व्हायची. वहिनी म्हणायची, "औषध नक्की कोणाला चाललंय? मला तर घरातलाच रोगी रोज नवा दिसतो."

थट्टा करायची वहिनीची जुनी खोड. पण पेट्यांकडे बघून तिलाही हसू येत नव्हतं. माश्यांना पोटाचा रोग लागला होता. पेटीच्या तोंडावर पिवळट डाग पडायचे, माश्या उडायचं सोडून जमिनीवर सरपटायच्या आणि संध्याकाळी मुंग्या त्यांना ओढून न्यायच्या. घरामागच्या उतारावर दादाच्या पेट्यांची रांग होती. एकेक करत सगळ्या गप्प झाल्या. राहिली एकच, कोपऱ्यातली, जिला घरात सगळे 'तुसडी' म्हणत. कारण उघड होतं. त्या पेटीतल्या माश्या जाणाऱ्या-येणाऱ्याला विनाकारण चावत. पाहुणे त्या बाजूला फिरकत नसत आणि वहिनी दोरीवरचे कपडे काढायला जाताना डोक्यावर बादली घेऊन जाई. कोणाला नको असलेली तीच तेवढी तग धरून होती. नवीन माश्या आणाव्यात तर आसपासच्या सगळ्या मधवाल्यांकडे हीच रड, विकणार कोण? आणि रोगी पेटीला आपल्या पेटीतली माश्यांनी भरलेली पोळ्याची एक चौकट कोणी उसनी देत नाही, दादानेही कोणाला दिली नसती. "ही गेली की संपलं," दादा म्हणाला, "या वयात पुन्हा पहिल्या माशीपासून सुरुवात माझ्याने व्हायची नाही." म्हणजे तुसडी जगली तर दादा मधवाला, नाहीतर रिकाम्या लाकडी खोक्यांचा मालक. इतकं ते सरळ होतं.

आणि म्हणून तो एके दिवशी बहिणीच्या दारात, म्हणजे तिच्या कामाच्या ठिकाणी, औषधाची बाटली पिशवीत घालून येऊन बसला.

बहीण म्हणजे बारकी. वयाने पन्नाशीला टेकलेली, प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत, पण दादाच्या तोंडी ती अजून बारकीच. आईच्या मागे दादानेच तिला वाढवलं होतं, वेण्या घालून शाळेत सोडलं होतं, वेण्या वाकड्या व्हायच्या ती गोष्ट वेगळी. त्याने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला दादा बघितला आणि ती हातातलं काम टाकून बाहेर आली.

"वहिनी बरी आहे ना?"

"तिला काय होतंय? मला सांग, तू त्या बारीक गोळ्या करतेस ना, पिठासारख्या? त्या माशीच्या तोंडात मावतील एवढ्या होतील का?"

तिने त्याला आत नेलं. काचेच्या कपाटात एक सुई उभी टांगलेली होती, वर सिरिंज, सिरिंजला मागून मुंगीच्या पावलांनी ढकलणारा पंप, आणि खाली फॉइल पसरलेलं. सुईला एक वायर, फॉइलला दुसरी. तिने पंप चालू केला, मग विजेचा दाब वाढवत नेला. सुईच्या तोंडाशी लोंबणारा थेंब थरथरला, खाली ओढला गेला आणि त्याला टोक आलं. टोकाच्या खाली काहीच दिसत नव्हतं. दिव्याच्या उजेडात निरखून पाहिलं तेव्हा धुक्यासारखं काहीतरी हललं.

"फवारा आहे तो," बारकी म्हणाली. "पॉलिमर पातळ करून त्यात औषध मिसळायचं. वीज त्या थेंबाला फाडते, इतकी बारीक की वाटेतच पातळ द्रव उडून जातो आणि खाली पडतात कोरड्या गोळ्या."

"म्हणजे पिचकारीच."

"पिचकारीच. जरा शिकलेली."

दादा हसला नाही. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. आधीच्या कुठल्यातरी कामातल्या गोळ्या काचेवर होत्या, गोल, एकसारख्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. बराच वेळ बघून त्याने मान वर केली. "अगं, हे तर पराग आहेत!" तो म्हणाला. "माश्या डोळे मिटून खातील हे."

आता सांगा, असं बोलल्यावर कोणती बहीण नाही म्हणेल?

तिने मोठ्या सरांना विचारलं. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख, मनाने चांगले, फक्त प्रत्येक गोष्टीला आधी 'बघू' म्हणायचे. यावेळी मात्र त्यांनीच विचारलं, "कवच कशाचं करणार?" बारकीकडे उत्तर तयार होतं. कडू गोळी जिभेला कडू लागू नये म्हणून जे पॉलिमर वापरतात तेच. तोंडात ते मिटलेलं राहतं आणि पोटातल्या आम्लात गेलं की उघडतं. तिने अर्धं आयुष्य त्याच पॉलिमरबरोबर काढलं होतं. त्याचा स्वभाव तिला नवऱ्याच्या स्वभावापेक्षा जास्त कळतो, असं तिचा नवराच म्हणायचा.

कळत असला तरी पॉलिमर थोडंच ऐकतं? मिश्रण दाट झालं तर गोळ्यांऐवजी तंतू निघाले, फॉइलवर कापूस पिंजून ठेवल्यागत. पातळ केलं तर थेंब वाळायच्या आतच खाली आपटले आणि चपट्या टिकल्या झाल्या. सुईच्या तोंडाशी द्रव वाळून शेंबूड धरायचा, मग फवारा तिरका जायचा. त्याला प्रयोगशाळेत 'सुई शेंबडी झाली' असंच म्हणत आणि कापडाने नाक पुसल्यासारखी तिचं टोक पुसत. हवा दमट असली तर सगळंच बिघडे. तरी बारकी मागे हटली नाही. कुठे दाब कमी कर, कुठे सुई वर घे, असं करता करता एका सकाळी फॉइलवर पांढरी साय धरली आणि काचेवर ठेवून पाहिली तर एकही तंतू नाही, एकही टिकली नाही. गोल, घट्ट, परागाच्या मापाच्या गोळ्या. इतकी देखणी बॅच तिच्या हातून कधी झाली नव्हती. आनंदाने तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईला ओढून आणलं, नंतर सफाईवाल्या मावशींनाही दाखवलं.

दिवसभर फवारलं तर चिमूटभर भुकटी मिळायची. पण माशीला किती लागणार? तिने ती निर्वात पेटीत ठेवून द्रवाचा मागमूसही राहणार नाही अशी वाळवली. मग तपासणी. साखरेच्या पाकात गोळ्या बुडवून ठेवल्या, पाक कडू झाला नाही. दादाने स्वतः बोट बुडवून चाखला. "गोडच आहे!" म्हणाला आणि पुन्हा चाखला. मग फळीवरची ती मोठी बाटली. त्या बाटलीत पोटातल्या रसासारखं आम्ल करून ठेवलेलं असायचं आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक औषधाची परीक्षा त्याच बाटलीतून व्हायची. तिने चंचुपात्रात ते ओतलं, वर चिमूटभर भुकटी सोडली. बघता बघता भुकटी विरली. मोठे सर बाजूलाच उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि 'बघू' न म्हणता "वा!" म्हणाले.

बारकीने दादाच्या हातात बाटली दिली. "आणि ती पिचकारी माळ्यावर टाक," तिने बजावलं. "त्यांचाही छळ, तुझाही. पुरे झालं."

दादाने त्याच दिवशी पिचकारी माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. दादा फोनवर ओरडूनच बोलतो, अंतर जास्त असलं की आवाज जास्त लागतो अशी त्याची समजूत. "बारके, खातायत गं! पाकाची बशी चाटून पुसून लख्ख केली! भांडतायत खाण्यासाठी!" मागून वहिनीचा आवाज आला, "नवऱ्याने माझ्या स्वयंपाकाचं असं कौतुक एकदा तरी केलं असेल तर शपथ!" बारकी फोन ठेवून खुर्चीत बसली आणि तिला रडूच आलं. सुखाचं रडू. माणसाला वाटतं आपण कोणाच्या कामाला आलो, आणि तेही ज्याच्या आलो तो दादा असला म्हणजे मग काय बोलायचं.

पुढच्या आठवड्यात दादा म्हणाला, खातायत. त्याच्या पुढच्याही आठवड्यात खातायत म्हणाला, पण आवाज उतरला होता. डाग कमी झाले का, असं तिने विचारलं तर म्हणाला, औषधाला वेळ द्यावा लागतो. सरपटणाऱ्या दिसतात का, तर म्हणाला, दिसतात, पण त्या आधीच्याच रोगी असतील. ती विचारायची आणि तोच तिच्या औषधाची बाजू घ्यायचा. "तू नको काळजी करू," तो म्हणाला, "मी दुप्पट घालतोय." तिने दुप्पट भुकटी करून पाठवली. सुट्टीच्या दिवशीही ती सुईसमोर बसून राहिली, पुसत, दाब लावत, पुन्हा पुसत.

मग न राहवून ती गेलीच. दादा उतारावर तुसडीजवळ बसला होता. डोक्यावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. त्याने झाकण काढलं, उघडा हात आत घातला आणि एक चौकट सावकाश वर उचलली. बारकी सवयीने दोन पावलं मागे सरली.

"ये की जवळ," दादा म्हणाला. "चावत नाहीत."

खरंच चावत नव्हत्या. दादाच्या मनगटावर दोन-तीन माश्या चालत होत्या, थांबत होत्या, पुन्हा चालत होत्या. पूर्वी या पेटीचं झाकण नुसतं हललं तरी ढग उठायचा. दादाने मनगट तोंडाजवळ नेलं. "चाव की गं," तो त्या माशीला म्हणाला. "एकदा तरी चाव, सटवे!" बारकीने दुसरीकडे पाहिलं. जिचा राग जातो तिच्यात जीव राहिलेला नसतो, हे मधवाल्याच्या बहिणीला सांगावं लागत नाही.

निघताना तिने पेटीसमोरच्या मेलेल्या माश्या काड्यापेटीत भरून घेतल्या.

प्रयोगशाळेत तिने एक माशी चिमट्यात धरली आणि दुसऱ्या चिमट्याने शेपटाचं टोक ओढलं. असं ओढलं की आख्खं आतडं बाहेर येतं, हे दादानेच तिला लहानपणी दाखवलं होतं. निरोगी माशीचं आतडं तपकिरी असतं. हे पांढरं फटक, फुगलेलं होतं. तिने ते काचेवर पसरलं, वरून पाण्याचा थेंब सोडला आणि डोळा लावला.

तिच्या गोळ्या तिथे होत्या. सगळ्याच्या सगळ्या. गोल, घट्ट, एकसारख्या. एकीलाही चीर नाही, एकीचीही कड विरलेली नाही. फॉइलवरून खरवडून काढल्या तेव्हा जशा होत्या तशाच, मेलेल्या माशीच्या पोटात एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

तिने दुसरी माशी उघडली. तिसरी उघडली. मग चिमटा खाली ठेवला.

चूक समजायला तिला फार वेळ लागला नाही आणि तेच वाईट होतं. आतड्यातला ओलावा तिने आम्ल मोजायच्या कागदी पट्टीवर टेकवला. पट्टीचा रंग जेमतेम बदलला. माशीच्या पोटात माणसाच्या पोटासारखं आम्ल नसतंच! असायचं कारणच काय? तिने फळीवरच्या त्या बाटलीकडे पाहिलं. इतकी वर्षं प्रत्येक औषध त्या बाटलीत बुडवलं होतं. बाटलीवर 'पोटातला रस' असं लिहिलेलं होतं, कोणाच्या पोटातला हे लिहायची कधी गरजच पडली नव्हती. लहानपणापासून माश्यांमध्ये वाढलेली बाई, आणि माशीला औषध देताना तिने माणसाचं पोट मोजलं. अरे देवा, ही चूक शाळेतल्या पोरानेही केली नसती. ही चूक करायला अर्धं आयुष्य एकाच बाटलीसमोर काढावं लागतं.

आणि तिने पिचकारी बंद करायला सांगितली होती. त्या कडू पिचकारीतून निदान चार थेंब तरी पोटात जात होते. तिच्या गोळ्यांतून काहीच गेलं नव्हतं. माश्या चाटून पुसून खात होत्या आणि रिकाम्या पोटाने, म्हणजे औषधाच्या बाबतीत रिकाम्या पोटाने, मरत होत्या.

तिने लगेच फोन लावला. "दादा, पिचकारी परत काढ."

"का गं?"

"सांगते नंतर. आधी काढ. आजच्या आज."

त्याने काढली. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, यावेळी तो ओरडत नव्हता. "पिचकारीनं नाही जमत आता, बारके. ओल्या झाल्या की गारठून खाली पडतात. एकमेकींना चाटायचं त्राण नाही राहिलं. जेवढ्या भिजवल्या तेवढ्या गेल्या." मग जरा थांबून म्हणाला, "मी पुन्हा तुझ्या गोळ्याच घालतो. त्या निदान आवडीनं खातात."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलेलं तिने गिळलं आणि म्हणाली, "मी नव्या करतेय. याच्यापेक्षा चांगल्या."

"याही चांगल्याच आहेत की," दादा म्हणाला.

मोठ्या सरांना तिने सगळं सांगितलं. "उलट जातीचं पॉलिमर घ्या," ते म्हणाले. "आंबटात मिटलेलं राहणारं आणि आंबटपणा ओसरला की उघडणारं. पाकात जरासा आंबटपणा घाला म्हणजे तिथे मिटून राहील." बरोबर होतं. सोपंही होतं. सांगायला सोपं! नवं पॉलिमर कपाटातून निघालं आणि त्याने बारकीला नाचवलं. पहिल्या दिवशी नुसते तंतू. दुसऱ्या दिवशी सुईतून ठिणगी उडाली आणि वीजच बंद पडली. मग हवा दमट झाली आणि दमटच राहिली. ती खिडकीशी जाऊन आभाळाकडे बघायची, पुन्हा सुईकडे यायची. थेंब लोंबायचा, थरथरायचा, टोक धरतो धरतो म्हणता टपकन खाली पडायचा. हात जोडून वीज ऐकत नाही आणि शिव्या दिल्या तरी ऐकत नाही. तिने दोन्ही करून पाहिलं. शेजारच्या बाईने डबा पुढे केला तर म्हणाली, मला नको. इकडे एकेक दिवस जात होता, आणि माशीच्या आयुष्यात एक दिवस म्हणजे काय असतं ते तिला ठाऊक होतं.

हवा कोरडी झाली त्या दिवशी टोक धरलं. संध्याकाळपर्यंत चिमूटभर भुकटी जमली. यावेळी तिने मोठ्या बाटलीला हात लावला नाही. माशीच्या पोटात असतं तसं पाणी पट्टीने मोजून मोजून तयार केलं आणि त्यात गोळ्या सोडल्या. त्या विरल्या. कोणी 'वा' म्हणालं नाही, तिला ते ऐकायचंही नव्हतं. भुकटी वाळली तशी रजा टाकून ती दादाकडे गेली.

दादाने तुसडी उतारावरून उचलून घराच्या भिंतीशी, उन्हात आणून ठेवली होती. चारही बाजूंनी जुनी घोंगडी गुंडाळली होती. वहिनी दारात उभी होती. तिने थट्टा केली नाही, नुसतं "आलीस?" म्हणाली.

दादाने झाकण काढलं. मधल्या चौकटीवर, राणीच्या भोवती, मूठभर माश्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. बाकीच्या चौकटी रिकाम्या. बारकीने आजवर या पेटीत चौकटीचं लाकूड दिसलेलं पाहिलं नव्हतं, एवढ्या माश्या असायच्या.

"दादा," ती म्हणाली, "आधीच्या गोळ्या त्यांच्या पोटात उघडल्याच नाहीत. मी मेलेल्या माश्या फाडून बघितल्या. मी माणसाच्या पोटाचं आम्ल घेऊन तपासलं होतं. माशीच्या पोटात ते नसतं. एकीलाही औषध पोचलं नाही."

दादा झाकण हातात धरून उभा होता. "पण खात होत्या," तो म्हणाला.

"खात होत्या. तसंच बाहेर टाकत होत्या."

"मग मी पिचकारी बंद केली ती..."

"मी सांगितलं म्हणून केलीस."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. बारकीला वाटलं, आता तरी याने ओरडावं, फोनवर ओरडतो तसं. "शिव्या दे मला," ती म्हणाली. "दादा, शिव्या तरी दे."

"शिव्यांनी ऊब येते का?" दादा म्हणाला. त्याने झाकण खाली ठेवलं. "ह्या उघडतात ना? नक्की?"

"उघडतात."

"आण मग."

गवताच्या काडीच्या टोकावर थेंबभर पाक घेऊन ती दोघं पेटीशी वाकून बसली. एकेका माशीच्या तोंडाशी काडी न्यायची आणि थांबायचं. काही माश्यांनी सोंड काढलीच नाही. काहींनी काढली. बारकी तिथेच राहिली. सकाळ झाली की दोघं बसायची आणि ऊन कललं की घोंगडी पुन्हा गुंडाळायची. काही माश्या गेल्या. पण ज्या राहिल्या त्यांचं चालणं सुधारलं. पेटीच्या तोंडाशी नवे डाग पडेनासे झाले. एकीने पंख पसरून पेटीभोवती घिरटी घातली आणि परत आत शिरली, तेव्हा वहिनी दारातून ओरडली, "उडाली हो, उडाली!" बारकीने प्रयोगशाळेत कधी असं फळ पाहिलं नव्हतं. औषध लागू पडत होतं. ते खरोखरच चांगलं औषध होतं.

आणि मग एका दुपारी दादाने हाक मारली. "बारके! इकडे ये लवकर!"

त्याने चौकट उन्हाकडे तिरपी धरली होती. पोळ्याच्या मधल्या घरांत, प्रत्येकाच्या तळाशी, एकेक पांढरी बारीक रेघ उभी होती. अंडी. राणी ठणठणीत झाली होती आणि कामाला लागली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पुढच्या घरात डोकावली, वळली, शेपूट आत घातलं आणि पुढे सरकली. एक घर सोडत नव्हती. भोवतीच्या माश्या, होत्या त्या, तिच्यामागून सरकत होत्या. जेवढ्या घरांवर त्या बसू शकत होत्या तेवढी झाकली जात होती. बाकीची उघडी राहत होती, आणि राणी तर थांबत नव्हती.

"बघ कशी घालतेय," दादा म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर उजळला होता, खोटं कशाला सांगू. मग तो हळूहळू विझला. "कोणाच्या जिवावर घालतेय गं ही?"

अंडी उबवायला अंगं लागतात, पुष्कळ अंगं, एकमेकींना चिकटून पंखांचे स्नायू थरथरवत राहणारी. त्या अंगांना वाचवणारं औषध त्याच पेटीत होतं. ते त्यांनी चाटून पुसून खाल्लं होतं, फक्त ते उघडलं नव्हतं.

सावली भिंतीवर चढायला लागली तशी हवा गार झाली. माश्या आक्रसून राणीजवळ गोळा झाल्या आणि कडेची सगळी अंडी उघडी पडली. दादाने चौकट पेटीत ठेवली नाही. तो पायरीवर बसला, चौकट मांडीवर उभी धरली आणि आपला रुंद, टणक पडलेला तळवा उघड्या पडलेल्या घरांवर अलगद ठेवला, पोळ्याला लागेल न लागेल इतका. बारकीला तळव्याची ऊब किती आणि अंड्याला हवी ती किती, दोन्ही ठाऊक होतं. फरक थोडाच होता, पण होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूने आपला तळवा धरला.

वहिनी जेवायला बोलवायला बाहेर आली. दोघांना तसं बसलेलं बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"किती वेळ धरणार असं?" तिने विचारलं.

अंडं फुटायला तीन दिवस लागतात. फुटल्यावर अळीला भरवायला माश्या लागतात. हे त्या तिघांनाही माहीत होतं.

"तू जेवून घे," दादा म्हणाला.